गच्चीवरचा तंबू, घराबाहेरचा नवरा

माझ्या बायकोने मला घराबाहेर काढलं, ही बातमी समता कॉलोनीत सगळ्यात शेवटी मला कळली.

तोवर ती शेजाऱ्यांना, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आणि नागपूरला माझ्या सासुरवाडीला केव्हाच कळलेली होती. (इस्त्रीवाला माझे आणि वंदनाचे कपडे वेगवेगळे गठ्ठे बांधून देऊ लागला होता. मला वाटलं, चला, माणूस कामात व्यवस्थित झाला!)

आता मुळापासून सांगतो. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात घोड्यावर बसून नागपूरहून रायपूरला आले, असं आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगतात. ते खरंच असावं. कारण त्या एका प्रवासाने घराणं इतकं दमलं की त्यानंतर आमच्यातलं कोणी कुठे गेलंच नाही. मी फळ्यावर एका दमात आख्खा हिमालय काढतो. हिमनद्या, दऱ्या, डोंगरातली सरोवरं, सगळं डोळे मिटून सांगतो. आणि प्रत्यक्षात पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे मासळीबाजारातली लादी!

मार्चमधल्या एका संध्याकाळी मी पेपर तपासत बसलो होतो. वंदना, म्हणजे माझी बायको, बँकेतून येऊन चहा पीत शेजारी बसली होती. तिने एक पेपर उचलून वाचला.

"हिमालयातल्या नद्या बारमाही काहून असतात?" तिने मोठ्याने प्रश्न वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. "काहून हो?"

"बर्फ वितळतो म्हणून," मी मान वर न करता म्हणालो.

"तुम्ही पाहिला वितळताना?"

मी पुढचा पेपर ओढला.

"लग्न झालं तेव्हापासून ऐकून राहिली मी. ही नदी अशी वळते, ते सरोवर असं बनते. आयुष्यभर तुम्ही नद्या शिकवल्या, मले एक नाही दाखवली!"

वंदना रागावली असती तर मी निभावून नेलं असतं, त्याचा मला सराव आहे. पण ती रागावली नव्हती. कप ठेवून ती खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मले हॉटेलच्या बाल्कनीतून नाही पाहायची. नदीच्या काठी तंबूत राहायचं आहे. सकाळी उठलं की समोर पाणी पाहिजे."

आमची मुलगी ईशा नवा रायपूरच्या एका ऑफिसात नोकरी करते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. ती आतून ओरडली, "पापा, फायनल! आप दोनों कॅम्पिंग पे जा रहे हो!"

आणि मी, ज्याने जन्मात कधी साधी मच्छरदाणीसुद्धा धड बांधली नाही, तो छाती काढून म्हणालो, "ठरलं! सगळी तयारी मी करतो!"

पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून निघाला.

ईशाने मनालीच्या एका टूरवाल्याचा नंबर शोधून दिला. नदीकाठी तंबू, आणि वर डोंगरात चालत जाऊन एक सरोवर, असा त्याचा बेत होता. त्याने फोनवर विचारलं, "सर, ट्रेकिंग का कुछ अनुभव?"

"मैं भूगोल पढ़ाता हूँ," मी म्हणालो.

"अच्छा सर. और... चलने का?"

वंदनाचा प्रश्नच नव्हता. ती रोज सकाळी तळ्याभोवती असं काही चालते की कॉलोनीतली कुत्रीसुद्धा बाजूला होतात. प्रश्न माझा होता. टूरवाल्याने तीन गोष्टींचा सराव सांगितला. पाठीवर वजन घेऊन चढायचं, तंबूत झोपायचं, आणि थंड पाण्याची सवय करायची. वंदनाने तिथल्या तिथे माझा ताबा घेतला.

आता रायपूरला डोंगर आणायचा कुठून? आमचं गाव म्हणजे पोळपाट. चढ म्हणून काही असेल तर तो उड्डाणपुलाचा! तेव्हा मी सकाळी उठून पाठीवर भली मोठी बॅग लटकवून पुलाच्या चकरा मारायला लागलो. बॅगेत वजन पाहिजे म्हणून वंदनाने तांदूळ भरून दिला. थंडीत उपयोगी पडेल म्हणून मी दाढीही वाढवायला घेतली. (ती नीट वाढली नाही. एका बाजूने आली, दुसऱ्या बाजूने विचार करत राहिली.) पहिल्या दिवशी प्रत्येक रिक्षावाल्याने माझ्याजवळ येऊन "टेसन, भैया?" असं विचारलं. एकाने तर भाडं न घेता सोडायची तयारी दाखवली, इतका माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि नेमक्या तिथेच झाडे काकू भेटल्या.

झाडे काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. काका रेल्वेतून निवृत्त झाले आणि वर्धेला परत जायचं म्हणत म्हणत इथेच राहिले. काकूंचं मन फार प्रेमळ आहे. कान मात्र डावा अजिबात चालत नाही, आणि उजवा त्यांना हवं तेवढंच ऐकतो. त्या देवळातून ई-रिक्षाने येत होत्या. मला पाहून त्यांनी रिक्षा थांबवली.

"काय विनायकराव, सकाळी सकाळी बॅग घेऊन? गावाले चालले का?"

"नाही काकू," मी धापा टाकत म्हणालो. "इथेच. पुलावर."

"पुलावर? ते काहून?"

"वंदनानं सांगितलं आहे, पुलाच्या चकरा झाल्याशिवाय..." यातले शेवटचे शब्द शेजारून धडधडत गेलेल्या ट्रकने गिळले, "...घरात पाय ठेवायचा नाही!"

काकूंचा हात आपोआप तोंडावर गेला. "अन् बॅगेत काय आहे?"

"तांदूळ."

"तांदूळ?"

"हो ना. माझा वेगळा काढून दिला तिनं."

काकू नुसतं "अगं आई" म्हणाल्या आणि रिक्षा पुढे गेली. मला वाटलं, या वयात एवढं वजन उचलतो म्हणून बाई थक्क झाल्या!

मग तंबू आला. ईशाने ऑनलाइन मागवला होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की एक माणूस पाच मिनिटांत उभा करू शकतो. तो माणूस पाठवला नव्हता. आम्ही तिघांनी आख्खा रविवार घालवून गच्चीवर तो उभा केला. कागदावरच्या चित्रात तो डोंगरासारखा दिसत होता, आमचा बसलेल्या म्हशीसारखा दिसला. पण उभा राहिला! त्या दिवसापासून माझं झोपणं गच्चीवर सुरू झालं. वंदना म्हणाली, माणूस घोरायला लागला की तंबूला सवय झाली असं समजायचं. तिला पंख्याखाली शांत झोप लागू लागली, हा निव्वळ योगायोग.

मग प्राइमसची लहान बहीण शोभेल असा एक छोटा स्टोव्ह आला. त्यावर खिचडीचा सराव. मी तंबूसमोर उकिडवा बसून डब्यात खिचडी ढवळत होतो, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर झाडे काकू पापड वाळत घालायला आल्या.

"विनायकराव... हे काय करून राहिले?"

"स्वयंपाक. आजपासून माझं मीच करायचं ठरलं."

"अन् झोपता कुठी?"

मी हातातल्या डावाने तंबू दाखवला.

तेवढ्यात धूर लागला म्हणून मी जिन्याकडे निघालो, तर खालून वंदनाचा आवाज आला, तोही बँकेत गर्दी आवरताना लावते तो! "वरच राहा म्हटलं ना! खाली आले तर सगळं फुकट जाईन!"

मी निमूटपणे परत फिरलो. काकूंच्या हातातला पापड खाली पडला.

तिसरा सराव थंड पाण्याचा. टबमध्ये बर्फ टाकून त्यात पाय बुडवून बसायचं. हे लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा बोटं दुखतात, मग घोटे दुखतात, मग पाय आपले नाहीतच असं वाटतं, आणि मग अचानक फार आपले आहेत असं वाटतं! मी तंबूच्या दारात स्टुलावर बसून टबात पाय घालून, दात आवळून, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत होतो. काकू तेव्हा पाटवडीचा रस्सा घेऊन वर आल्या. माझ्याकडे बघून त्यांचा जीव कालवला.

"रडू नका हो विनायकराव!"

"रडत नाही काकू," मी हुंदका गिळत म्हणालो. "सवय करून राहिलो."

"होईन," काकूंनी पदराने डोळे टिपले. "होते माणसाले सवय. हळूहळू होते."

दुसऱ्या दिवसापासून काकूंकडून डबा यायला लागला.

माझ्या डोक्यात काही शिरलं असेल तर शपथ. मला वाटायचं, बघा, माणूस या वयात काही धाडस करायला निघाला की लोक किती कौतुक करतात! कॉलेजात मी रजेचा विषय काढला तर प्राचार्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जितनी चाहिए ले लीजिए विनायकजी. और लोग क्या कहेंगे, ये बिल्कुल मत सोचिए." स्टाफरूममध्ये मी आलो की बोलणं थांबायचं. समोरचे हार्डवेअरवाले साहूजी तर एकदा मला दुकानात बोलावून, शटर अर्धं ओढून, हळूच म्हणाले, "भैया, ऊपर वाला कमरा खाली पड़े हे. जब तक मन करे, रहो."

मी म्हणालो, "अरे वा! रहूँगा नहीं, पर थोड़ा सामान रख दूँ? घर में जगह नहीं है अब."

"हव, हव," साहूजी गहिवरून होकार देत म्हणाले. "जगह नहीं है अब..."

तिकडे वंदनाच्या भिशीत तर कहरच झाला. ते मला तिच्याकडून नंतर कळलं. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. एकीने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वंदना, या वयात एवढा मोठा निर्णय? हिंमत आहे तुझी!"

वंदनाला वाटलं, हिमालयाबद्दल बोलून राहिल्या. ती म्हणाली, "आयुष्यभर वाट पाहिली. आता नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं."

"अन् पोट्टीचं काय म्हणणं?"

"तिचंच तर डोकं! तीच मागे लागली होती."

"अन् विनायकराव तयार झाले?"

"आधी नाही म्हणत होते. आता रोज थोडं थोडं बाहेर काढते मी त्यांले. एकदम नाही झेपणार ना त्यांले."

सांगायला दुःख होतं, पण यावर भिशीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या!

मे महिना उजाडला. टूरवाल्याच्या सांगण्यावरून झोपायची पिशवी आणली. उणे पाच अंशांत उबदार राहील अशी. रायपूरचा मे महिना कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. तरी पिशवी मापाची आहे की नाही हे पाहायला हवं. एका रविवारी वंदना आणि ईशा पावसाळी कोट घ्यायला बाजारात गेल्या होत्या. ऊन चढायच्या आत मी गच्चीवर पिशवीत शिरलो, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि मग दोन्ही हातही आत सारले.

चेन अडकली.

वर जाईना, खाली येईना. हात आत, चेनची चावी बाहेर! मी लोळलो, कुशीवर झालो, दाताने ओढून पाहिली. सूर्य वर यायला लागला. पिशवीने आपलं काम चोख सुरू केलं. मी आतून वाफवून निघत होतो. आणि अशात खाली घंटी वाजली.

मी पोत्याच्या शर्यतीतल्यासारखा टुणटुण उड्या मारत, भिंतीला खांदे टेकत जिना उतरलो आणि ओरडलो, "उघडंच आहे! ढकला!"

दार उघडलं. दारात माझा मेहुणा प्रमोद आणि सासूबाई. नागपूरहून रात्रीच्या गाडीने, न कळवता. प्रमोदचा चेहरा तेराव्याला आल्यासारखा.

सासूबाईंनी मला नखशिखांत पाहिलं. म्हणजे पाहण्यासारखं वर फक्त डोकंच होतं. लाल, घामाने निथळणारं, अर्ध्या दाढीचं. खाली हिरवी पिशवी.

"काय बाई," त्या म्हणाल्या, "बांधूनच ठेवलं पोट्टीनं माणसाले!"

"या, या!" मी म्हणालो. "अचानक?"

"भाऊजी, बसा," प्रमोद गंभीरपणे म्हणाला. "आपण शांतपणे बोलू."

"बसता येत नाही मला."

"ठीक आहे. उभ्यानं बोलू." त्याने घसा साफ केला. "झाडे काकूंचा आईले फोन आला होता. आम्हाले सगळं माहीत आहे. मले फक्त एकच सांगा. हे कायच्यामुळे झालं?"

"मी कधी कुठे नेलं नाही म्हणून," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "चूक माझीच आहे. पण आता जायचं पक्कं ठरलं आहे."

"कोणाकडे जायचं?"

आता मला सांगा, मी भूगोलाचा माणूस. गेले दोन महिने मी नकाशे, फोटो आणि नद्या यांत बुडालेला. कोणी "कुठे" ऐवजी "कोणाकडे" म्हणालं, तर मला काय जाणवणार? शिवाय डोकं उकडून अर्धं शिजलेलं. मी उत्साहाने सुरू झालो.

"आधी पार्वती मनात होती!"

प्रमोद खुर्चीत टेकला.

"पण पार्वतीकडे हल्ली फार गर्दी. जो उठतो तो तिकडेच. मग चंद्रा पाहिली. अरे, काय सांगू! इतकी स्वच्छ, इतकी नितळ. फोटो पाहूनच वेडा झालो मी."

"दोन दोन?" प्रमोदचा आवाज चिरकला.

"पुढे भागासुद्धा आहे. पण ती चंद्रालाच येऊन मिळते, तेव्हा तिच्यासाठी वेगळं जायला नको."

"भाऊजी!" प्रमोद उठून उभा राहिला. "लाज नाही वाटत? या वयात? अन् ताईले माहीत आहे हे?"

"माहीत म्हणजे? तिनंच मला फोटो दाखवला! तिलाही चंद्राच पसंत पडली. म्हणाली, आपण दोघं मिळून जाऊ, तिच्याजवळ चार दिवस राहू."

प्रमोदचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. सासूबाई मात्र भिंतीला टेकून माझ्याकडे एकटक बघत होत्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या असं नाही, पण आयुष्यभर सुनांना, जावयांना आणि भाजीवाल्यांना तपासून त्यांची नजर भलती तयार झाली आहे.

"राहते कुठी ही चंद्रा?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"हिमाचलला."

"इतक्या लांबची काहून पाहिली? इकडे जवळपास नव्हती कोणी?"

"आहेत ना आई. महानदी आहे, शिवनाथ आहे, पण उन्हाळ्यात यांच्यात काय राहतं? हिला बर्फाचं पाणी आहे."

सासूबाई भिंतीपासून सरळ झाल्या.

"नदी आहे का हो ते?" सासूबाई म्हणाल्या.

"मग? दुसरं काय?"

सासूबाई आधी हलल्या. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, आणि अशा हसल्या, अशा हसल्या की मी आधी घाबरून पाणी आणायला निघालो आणि दोन उड्यांतच आडवा झालो. प्रमोद मला उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण त्याला आता कळलं होतं. मला अजून काही कळलं नव्हतं! मी जमिनीवर हिरव्या कोशासारखा पडून विचारत होतो, "झालं काय? अरे, मला कोणी सांगाल का?"

सांगितलं. प्रमोदने सगळं सांगितलं. पुलावरची बॅग, वेगळा तांदूळ, गच्चीवरची चूल, माझे अश्रू. मी पडल्या पडल्या ऐकत होतो आणि डोळ्यांसमोरून एकेक चेहरा जात होता. प्राचार्य. साहूजी. इस्त्रीवाला!

"पण तुम्ही विश्वास कसा ठेवला?" मी दुखावून विचारलं. "वंदना मला घराबाहेर काढेल, हे खरं वाटलंच कसं तुम्हाला?"

प्रमोदने मान खाली घातली. "खरं सांगू, भाऊजी? वाटलं की ताई इतके वर्ष कशी काय थांबली."

अशा वेळी वंदना आणि ईशा परतल्या. दारात पाहतात तर आई जमिनीवर बसून हसून राहिली, भाऊ डोळे पुसून राहिला, आणि नवरा पिशवीत आडवा! परत पहिल्यापासून सगळं सांगणं आलं. ईशा तर "ओ गॉड, पापा! दो-दो आंटी!" म्हणून सोफ्यावर कोसळली. वंदना मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मी काढलं? सगळ्या कॉलोनीले वाटते मी काढलं?" आणि मग, "म्हणजे भिशीत त्या बायका..." तिला एकेक आठवत गेलं, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

मग ती माझ्याजवळ खाली बसली. आपल्या आईकडे वळून म्हणाली, "आई, हा माणूस कधी भाजी आणायले चालत नाही जात. तो पाठीवर तांदूळ घेऊन पूल चढला. बर्फात पाय घालून बसला. मेच्या उन्हात असल्या पिशवीत शिरला. कोणासाठी? अन् लोक म्हणून राहिले मी काढलं!"

तिचे डोळे भरून आले होते. मला एकदम गलबलून आलं. त्या क्षणी मी तिचा हात हातात घेतला असता, खरंच घेतला असता. पण माझे दोन्ही हात पिशवीत होते.

शेवटी सासूबाईंनी खोबरेल तेल लावून चेन सोडवली.

आता निस्तरण्याचा कार्यक्रम. संध्याकाळी मी नीट दाढी करून झाडे काकूंकडे गेलो आणि बसून सगळं समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"झाकता, विनायकराव. बायकोचं झाकता. फार चांगलं मन आहे तुमचं."

"काकू, नदी आहे ती!"

"हो, हो. नदी तर नदी."

प्राचार्य म्हणाले, "बहुत अच्छा, आपने संभाल लिया." साहूजी म्हणाले, "कमरा तो खाली हे, कभी भी." वंदनाने भिशीत जाऊन खरं सांगितलं, तर बायकांनी तिलाच समजावलं की माघार घ्यायला लाज कशाची, संसार आहे. मी जितका खुलासा करावा तितकी आमची फारकत पक्की होत गेली! तेव्हा आम्ही बोलणं सोडलं आणि बॅगा भरल्या. सासूबाई ईशाजवळ घर सांभाळायला राहिल्या. "मी नसती राहिली," त्या मला म्हणाल्या, "पण चंद्राले भेटायचं म्हणजे गुडघे पाहिजे."

निघायच्या दिवशी स्टेशनवर निम्मी कॉलोनी हजर. बॅगा पाहायला नाही, समेट पाहायला! झाडे काकूंनी आम्हा दोघांना कुंकू लावलं, माझ्या हातात नारळ दिला, वंदनाची ओटी भरली. कोणीतरी हार आणले होते. ते आम्ही एकमेकांना घालावे असा आग्रह झाला, आणि फलाटावर, पाठीवर बोजे घेतलेल्या अवस्थेत, पन्नाशी उलटलेल्या माझं दुसरं लग्न पहिल्याच बायकोशी लागलं. शेजारच्या डब्यातल्या प्रवाशांनीही टाळ्या वाजवल्या. गाडी सुटता सुटता काकूंनी वंदनाला दाराशी ओढून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. वंदना आत आली ती हसतच. दुर्ग गेलं, गोंदिया गेलं, हसू काही थांबेना.

"काय म्हणाल्या?"

"नंतर सांगीन."

आणि चंद्रा खरंच तशी होती. दगडांवरून उड्या मारत येणारं, करड्या-हिरव्या रंगाचं पाणी, दोन्हीकडे उघडे उंच डोंगर, घळीत अजून बर्फ. आमचा तंबू काठापासून थोडा वर होता. पाण्याचा आवाज इतका की बाजूच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. मी फळ्यावर शेकडो वेळा काढलेली ती रेघ समोर जिवंत धावत होती, आणि मला एक वाक्य सुचेना. थोड्या वेळाने सुचलं. "बघ, वंदना, ही दरी हिमनदीनं कोरलेली, म्हणून तिचा आकार..."

"गप्प बसा," वंदना पाण्यात पाय सोडून बसली होती. "आज कॉलेजले सुट्टी आहे."

मीही पाय सोडले. सराव केला होता ना! आणि ओरडत लगेच बाहेर काढले. ती मात्र शांत बसून होती. दुपारचं ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि मी इतक्या वर्षांत तिला इतकं काहीही न करता बसलेलं पाहिलं नव्हतं. मग ती आपणहून म्हणाली, "काकू काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, जाऊन ये बाई, जुळलं तर जुळलं. पण परतीचं तिकीट दोघांचं अलग अलग काढून ठेव!"

आम्ही हसलो. इतके हसलो की शेजारच्या तंबूतून एक गोरं जोडपं डोकं काढून बघायला लागलं. हसता हसता माझ्या मनात आलं, चला, या आनंदात परतीची तिकिटं एकदा पाहून ठेवावी. फोनला रेंज नव्हती, पण तिकिटांचा फोटो होता. मी तो उघडला, मोठा केला, चष्मा लावला, चष्मा पुसला आणि परत लावला.

वंदना तिसऱ्या डब्यात होती. मी अकराव्यात.

आणि सगळी तयारी तर मीच केली होती!